मोटारीतला फोन कोण धरून ठेवतो?

भिवंडीजवळच्या वळ गावाच्या रस्त्याला सकाळी उभे राहिले, तर गोदामांकडे जाणारे टेम्पो आणि ट्रक यांची रांग संपता संपत नाही. एके काळी हा सगळा भातशेतीचा मुलूख. मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर, पण मुंबईला अगदी लागून, म्हणून माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या गावांतून गोदामे उभी राहिली. २०१७ मध्ये जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. परगावाहून आलेल्या ड्रायव्हरला येथे अमुक इमारत, तमुक गाळा शोधून काढायचा म्हणजे मोठे कठीण काम. पूर्वी तो नाक्यावर उतरून विचारीत असे. आता त्याच्या समोर काचेवर किंवा डॅशबोर्डवर मोबाइल फोन असतो आणि तोच त्याला रस्ता दाखवतो.

हा फोन ज्या वस्तूत अडकवलेला असतो तिला सगळेजण होल्डर म्हणतात. शेदोनशे रुपयांपासून हजारदोन हजारांपर्यंत त्याच्या किमती आहेत. दिसायला साधी वस्तू. पण नववी-दहावीच्या पुस्तकातले निम्मे भौतिकशास्त्र तिच्यात आले आहे. जडत्व, हवेचा दाब, घर्षण, परिबल, चुंबकत्व, कंपने, प्रकाशाचे सरळ रेषेत जाणे, सारे तिथे कामाला लागलेले असते. आणि यांपैकी एकाचाही हिशेब चुकला तर नुसता फोन पडत नाही, पडलेला फोन उचलायला ड्रायव्हर खाली वाकतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. दोन सेकंद मान खाली गेली, तर ३३ मीटर रस्ता कोणीही न पाहता मागे पडला. एवढ्या अंतरात वळच्या रस्त्यावर एखादी हातगाडी, दोन सायकली आणि शाळेत जाणारी पाचसहा मुले सहज असतात.

दुकानात होल्डर विकत घेताना दुकानदार काय करतो, ते आठवून पाहा. तो फोन अडकवतो, होल्डर उलटा करतो, दोनदा हलवतो आणि म्हणतो, “बघा साहेब, हलत नाही!” ही परीक्षा फसवी आहे. रस्त्यावर होल्डरला ज्या बलांना तोंड द्यावे लागते, ती हाताने हलवण्यापेक्षा निराळी असतात. ती कोणती, ते आपण एकेक करून पाहू.

सुटा फोन

समजा, होल्डरच नाही आणि फोन नुसता डॅशबोर्डवर ठेवला आहे. फोनचे वस्तुमान २०० ग्रॅम धरू. म्हणजे त्याचे वजन सुमारे २ न्यूटन झाले. ड्रायव्हरने ताशी ६० किलोमीटर वेगात जोराचा ब्रेक लावला आणि गाडी २० मीटरांत थांबली. वेग आणि अंतर यांवरून ऋण त्वरण काढले, तर ते दर सेकंदाला सेकंदाला ७ मीटर येते. फोनलाही गाडीबरोबर थांबवायचे असेल, तर त्याच्यावर ०.२ गुणिले ७, म्हणजे १.४ न्यूटन बल लावले पाहिजे. हे बल लावणार कोण? फक्त डॅशबोर्डचे घर्षण. गुळगुळीत पाठीचा फोन आणि प्लॅस्टिक यांचा घर्षणांक ०.३ धरला, तर घर्षण जास्तीत जास्त ०.६ न्यूटन मिळेल. अर्थात फोन घसरणार. त्याला कोणी ढकललेले नाही. गाडी थांबली आणि तो आपल्या जुन्या वेगाने जात राहिला, एवढेच.

टक्कर झाली तर आकडे भलतेच वाढतात. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून, पुढचा भाग चेपत ६० सेंटीमीटरांत थांबली असे धरा. ऋण त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सोळा पट होते. सुटा फोन मात्र सेकंदाला सुमारे १४ मीटर या वेगाने पुढे निघतो. हा वेग केवढा? जवळजवळ १० मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून टाकलेली वस्तू जमिनीवर ज्या वेगाने पोहोचते तेवढा! तो फोन कपाळावर बसला तर काय होईल, ते निराळे सांगायला नको. म्हणून होल्डरचे पहिले काम शोभेचे नाही. त्याने फोनला गाडीचा भाग करून टाकायचे आहे.

रबरी वाटी : ओढते की ढकलली जाते?

सर्वांत जास्त खपणारा होल्डर रबरी वाटीचा. वाटी काचेवर दाबतात, कळ फिरवतात आणि ती चिकटते. ती काचेला “ओढून धरते” असे आपण बोलताना म्हणतो. पण खरे पाहता वाटी काहीच ओढत नाही. कळ फिरवल्यावर वाटीचा मधला पडदा मागे सरकतो, आतील जागा वाढते आणि उरलेल्या थोड्या हवेचा दाब कमी होतो. बाहेरची हवा मात्र नेहमीच्याच दाबाने वाटीला काचेवर दाबत राहते. जर्मनीतील ऑटो फोन गेरिके याने सतराव्या शतकात तांब्याच्या अर्धगोलांतील हवा काढून घेतली आणि ते घोड्यांच्या जोड्यांनाही विलग करता येईनात. तीच ही गोष्ट, खिशात मावेल अशा आकारात. चंद्रावर हा होल्डर नेला, तर तो क्षणभरही टिकणार नाही.

आता हिशेब करू. वाटीचा व्यास ७ सेंटीमीटर म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सेंटीमीटर. दर चौरस सेंटीमीटरवर हवेचा दाब सुमारे १० न्यूटन. आतील दाब निम्म्यावर आला असे धरले, तरी वाटी काचेवर १९५ न्यूटन बलाने दाबली जाते. म्हणजे जवळजवळ वीस किलोग्रॅम वजनाइतक्या! फोन आणि होल्डर मिळून वजन साडेतीनशे ग्रॅम. मग होल्डर पडतो कसा?

बल नुसते किती ते पाहून भागत नाही, ते कोठे लागते तेही पाहावे लागते. फोन काचेपासून १५ सेंटीमीटर पुढे आलेला असतो. त्याचे वजन वाटीला खालच्या कडेभोवती फिरवून वरची कड उचलू पाहते. हे परिबल ३.४ न्यूटन गुणिले ०.१५ मीटर, म्हणजे सुमारे ०.५ न्यूटन-मीटर. हवेचा दाब याच्या उलट काम करतो : १९५ न्यूटन गुणिले वाटीची त्रिज्या ०.०३५ मीटर, म्हणजे ६.८ न्यूटन-मीटर. तेरापट! गाडी खड्ड्यात आदळून फोन क्षणभर तिप्पट जड झाला, तरी त्याचे परिबल दीड न्यूटन-मीटरच होईल. तेव्हा नव्याने दाबून बसवलेली वाटी खड्ड्याला मुळीच भीत नाही.

पण काच आणि वाटी यांच्यामध्ये धुळीचा एखादा कण किंवा केसासारखी बारीक फट असली, की तेथून हवा हळूहळू आत शिरते. आतील दाब बाहेरच्या दाबाच्या नव्वद टक्क्यांवर पोहोचला की दाबणारे बल ३९ न्यूटन उरते आणि धरणारे परिबल १.४ न्यूटन-मीटरच्या खाली येते. गाडी उभी असताना लागते फक्त ०.५. म्हणून होल्डर आपल्या जागी शांत दिसतो, आपण बोट लावले तरी हलत नाही. मग येतो खड्डा. मागणी होते दीडची आणि होल्डर खाली! ड्रायव्हर दोष देतो खड्ड्याला. खरे तर पडण्याची तयारी आदल्या दिवसापासून चालली होती.

यावरून उपायही सुचतो. वाटी रोज सकाळी सोडून पुन्हा बसवावी. आत शिरलेली हवा बाहेर जाते. ट्रकच्या काचेला आतून डिझेलच्या धुराचा आणि उदबत्तीचा एक तेलकट थर बसलेला असतो. तो साबणाच्या पाण्याने काढून काच कोरडी करावी. काहीजण वाटीला थुंकी किंवा तेल लावतात. पाण्याने बारीक फटी बुजतात हे खरे. पण हवा वाटीला काचेवर फक्त काटकोनात दाबते, खाली घसरण्यापासून तिला वाचवते ते घर्षण आणि पाण्यातेलाने तेच कमी होते. तेल तर लावूच नये. खरबरीत डॅशबोर्डवर वाटी चिकटत नाही याचे कारण तुमच्या आता ध्यानात आलेच असेल.

भिवंडीहून नाशिकला जाणाऱ्या गाड्यांची एक गंमत सांगण्यासारखी आहे. कसारा घाट चढून इगतपुरीला पोहोचलो की आपण समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असतो आणि हवेचा दाब जवळजवळ सात टक्क्यांनी कमी झालेला असतो. वाटीच्या आतला दाब मात्र खालचाच आहे. पूर्वी दोन्हींतला फरक अर्ध्या वातावरणाइतका होता, तो आता ०.४३ झाला. म्हणजे पकड सातव्या भागाने ढिली!

उन्हातली गाडी

आता मे महिन्यातली दुपार घ्या. गोदामासमोर माल उतरेपर्यंत गाडी काचा बंद करून उन्हात उभी आहे. डॅशबोर्डचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या घरात सहज जाते. वाटीतली हवा तापते आणि तिचा दाब वाढतो. किती? केल्व्हिनमध्ये मोजले पाहिजे : ३०० चे ३४० झाले. दाब अर्ध्या वातावरणावरून ०.५७ वर गेला, फरक ०.४३ वर आला. योगायोगाने इगतपुरीइतकाच! विद्यार्थ्यांना विचारले तर ते वायूंच्या नियमाचे नाव घेतात आणि होल्डर त्यामुळेच पडला असे ठरवून मोकळे होतात. पण सातव्या भागाने पकड ढिली झाल्याने तेरापट राखीव बळ संपत नाही. खरा घात होतो तो वाटी ज्या रबरासारख्या पदार्थाची केलेली असते तो उष्णतेने मऊ पडल्यामुळे. कडा वाकड्या होतात, गार झाल्यावर तशाच राहतात आणि हवेला वाट मिळते. म्हणून दुपारी गाडी सोडून जाताना वाटीची कळ सैल करून ठेवणे हे वाटीचे आयुष्य वाढवण्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे.

फोनलाही उष्णता सोसत नाही. फोनचा पृष्ठभाग सुमारे १०० चौरस सेंटीमीटर. भर उन्हात चौरस मीटरला सुमारे १००० वॅट सौर ऊर्जा पडते. तेव्हा फोनच्या वाट्याला १० वॅट येतात. काचेने निम्मी अडवली असे समजा, तरी ५ उरतात. शिवाय रस्ता दाखवण्याचे काम चालू, चार्जर लावलेला, म्हणून आतूनही तो तापत असतो. ॲपल कंपनी आपल्या फोनला भोवतालचे तापमान ३५ अंशांपर्यंतच असावे असे सांगते. ठाणे जिल्ह्यातल्या मे महिन्याला हे कोण सांगणार? फार तापलेला फोन स्वतःला वाचवण्यासाठी पडद्याचा उजेड कमी करतो, नेमका तेव्हाच ड्रायव्हरला तो अधिक हवा असतो. एसीच्या जाळीवर बसवायचा होल्डर या बाबतीत चांगला. गार झोत फोनच्या पाठीवर येतो. मात्र जाळीच्या पट्ट्या नाजूक असतात. जड फोन आणि खराब रस्ता असेल तर त्या पट्ट्यांचाच तुकडा पडायचा.

चुंबक आणि चिमटा

चुंबकाचा होल्डर आता पुष्कळ दिसतो. त्यात निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा चुंबक असतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि त्याच सुमारास अमेरिकेतील संशोधकांनी तो तयार केला. त्यापूर्वी एवढ्याशा बटणाने फोन पेलणे शक्य नव्हते. फोनच्या पाठीला पोलादी चकती चिकटवायची आणि फोन चुंबकाजवळ न्यायचा. टक्‌ आवाज होतो आणि तो बसतो. सोय मोठी आहे.

पण दुकानात आपण फोन आपल्याकडे ओढून पाहतो आणि रस्त्यावर तो ओढला जातो खाली. या दोन गोष्टी एक नव्हेत. चुंबकाची ओढ १५ न्यूटन आणि घर्षणांक ०.४ असेल, तर खाली घसरण्याला विरोध फक्त ६ न्यूटनांचा. फोनचे वजन २. धक्क्याने तिप्पट झाले तर ६. म्हणजे अगदी काठावर! मध्ये जाड कव्हर आले तर ओढ झपाट्याने उतरते, कारण चुंबकापासून जसजसे दूर जावे तसतसे क्षेत्र फार वेगाने क्षीण होते. ती ५ न्यूटन राहिली तर घर्षण मिळेल २. फोन उभ्या गाडीतसुद्धा कसाबसा राहील. आणखी एक. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र आपल्याकडे अर्ध्या गॉसपेक्षाही कमी आहे. होल्डरचा चुंबक फोनमधील होकायंत्राला त्याच्या कित्येक पट क्षेत्रात ठेवतो. गाडी चालू असताना फोन दिशा ठरवतो ती उपग्रहांच्या संकेतांवरून, आपण कोठून कोठे सरकलो ते पाहून. तेव्हा फारसे बिघडत नाही. पण नाक्यावर उभे असताना बाण भलतीकडे तोंड करून बसला, तर नवल मानू नये.

चिमट्याच्या होल्डरमध्ये दोन बाजूंनी दाब असतो आणि खाली फोन टेकायला दोन पाय. हे पाय फार महत्त्वाचे! घर्षणावर विसंबून न राहता फोन सरळ पायांवर उभा राहतो. तेव्हा माझे मत विचाराल तर, पाय नसलेला होल्डर वळच्या रस्त्यांवर घेऊच नये.

चिमट्यातही एक जात अशी आहे की स्प्रिंग नसते. फोन पायावर ठेवला की त्याच्या वजनाने तरफ खाली जाते आणि दोन्ही हात आपोआप फोनला आवळतात. कल्पना सुंदर आहे. पण गतिरोधकावरून गाडी वेगाने उडून खाली येते तेव्हा काय होते? लिफ्ट एकदम खाली निघाली की आपल्याला हलके वाटते, तसा फोनही क्षणभर हलका होतो. वजन गेले की आवळणारे बलही गेले. नेमक्या गरजेच्या क्षणी हा होल्डर फोन सोडतो! सपाट महामार्गावर तो चालेल, गावातल्या रस्त्यावर नाही.

सिग्नलवर फोन का थरथरतो?

होल्डरच्या लांब हाताच्या टोकाला फोन असतो. हात थोडासा लवचीक असतोच. म्हणजे हे एक स्प्रिंगला टांगलेले वजन झाले आणि अशा प्रत्येक वस्तूला स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते. ती काढण्याची युक्ती सोपी आहे. फोन ठेवल्यावर हाताचे टोक किती मिलिमीटर खाली झुकते ते मोजा. त्या संख्येच्या वर्गमुळाने १५.८ ला भागा. उत्तर हर्ट्झमध्ये येते. झुकाव १ मिलिमीटर असेल तर वारंवारता सुमारे १६, आणि ४ असेल तर ८ हर्ट्झ. झुकाव फार कमी असेल तर मोजता येत नाही. अशा वेळी फोनच्या पाचपट वजन टांगून झुकाव मोजावा आणि पाचाने भागावे. हूकचा नियम येथे आपल्या उपयोगी पडतो. होल्डरच्या डोक्याचे वस्तुमान आपण यात धरलेले नाही, म्हणून उत्तर थोडे जास्त येते. पण कामापुरते ठीक आहे.

आता गाडीकडून येणारी कंपने पाहू. तीन सिलिंडरांचे चार फेऱ्यांचे इंजिन मिनिटाला ८०० फेरे करीत उभे असले, तर दर फेऱ्याला दीड याप्रमाणे सेकंदाला २० ठोके बसतात. चार सिलिंडरांचे असेल तर जवळजवळ २७. खराब रस्त्यावर चाके खाली-वर उडतात ती साधारण सेकंदाला १० ते १५ वेळा. होल्डरची नैसर्गिक वारंवारता यांपैकी एखादीशी जुळली की अनुस्पंदन होते. झोपाळ्याला योग्य वेळी हलकेच ढकलत राहिले तर तो उंच जातो ना, तसेच. म्हणून काही गाड्यांत सिग्नलला उभे असताना फोनचा पडदा वाचता येत नाही आणि गाडी निघाल्याबरोबर तो स्वच्छ दिसू लागतो! इंजिनाचे फेरे वाढले, ठोके २० वरून ४० वर गेले आणि जुळणी मोडली. याउलट सिग्नलला शांत असलेला फोन खड्ड्यांच्या रस्त्यावर नाचत असेल, तर त्या होल्डरची गाठ चाकांच्या वारंवारतेशी पडली आहे असे समजावे.

उपाय हाताची लांबी कमी करण्याचा. एका टोकाला पक्का केलेला दांडा लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाकतो. लांबी निम्मी केली तर झुकाव आठव्या हिश्श्यावर येतो आणि वारंवारता २.८ पट होते. १२ हर्ट्झचा होल्डर ३४ वर गेला. चाकेही मागे राहिली आणि उभे इंजिनही. वाकवू तसा वाकणारा लांब मानेचा होल्डर दिसायला आकर्षक, पण या हिशेबात तो सर्वांत मागे. ट्रकची काच ड्रायव्हरपासून दूर असते म्हणून त्या ड्रायव्हरांना लांब हात घ्यावा लागतो, ही अडचण खरी आहे. त्यांनी वाटीजवळ न टेकणारा हात घेण्याऐवजी ज्याचा मधला भाग डॅशबोर्डवर टेकतो असा घ्यावा. एक टेकू मिळाला की मोकळी लांबी कमी झालीच.

मोटारसायकलवर सामान पोहोचवणाऱ्या मुलांचा प्रश्न यापेक्षा बिकट आहे. एका सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे करते तेव्हा हँडल सेकंदाला १०० वेळा थरथरते. फोनच्या कॅमेऱ्यात, हात हलला तरी चित्र स्थिर राहावे म्हणून भिंग नाजूक आधारावर तरंगते ठेवलेले असते. अशा तीव्र कंपनांनी ही रचना बिघडू शकते अशी सूचना ॲपल कंपनीने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. दुचाकीसाठी रबराचा कंपशोषक असलेलाच होल्डर घ्यावा.

फोनमागे ट्रक लपतो

होल्डर कितीही मजबूत असला तरी तो कोठे बसवला यावर सारे अवलंबून आहे, आणि याकडेच बहुतेकांचे लक्ष नसते.

फोन डोळ्यांपासून ७० सेंटीमीटरवर, अगदी दृष्टीच्या रेषेत आहे असे समजा. ३० मीटरवरचा किती रस्ता तो झाकील? एका डोळ्याचा विचार केला तर समरूप त्रिकोणांनी उत्तर लगेच येते : ३० मीटर भागिले ०.७ म्हणजे सुमारे ४३ पट. उभा फोन ७ सेंटीमीटर रुंद. तो ३ मीटर रुंदीचा पट्टा झाकतो. पण आपल्याला डोळे दोन आहेत आणि त्यांच्यात सुमारे ६.५ सेंटीमीटर अंतर आहे. एका डोळ्याला झाकलेले दुसरा बऱ्याच अंशी पाहतो. दोन्ही डोळ्यांना न दिसणारा पट्टा आकृती काढून मोजला, तर तो ३ मीटर नव्हे, २८ सेंटीमीटरच निघतो. फोनची रुंदी आणि डोळ्यांतले अंतर जवळजवळ सारखे आहे, त्याचा हा फायदा.

आता तोच फोन आडवा करा. रुंदी १५ सेंटीमीटर. दोन्ही डोळ्यांना न दिसणारा पट्टा होतो ३.७ मीटर! ट्रकची रुंदी अडीच मीटरांच्या आसपास असते. उंचीही झाकली जाते ३ मीटर. म्हणजे ३० मीटरवरचा ट्रक आडव्या फोनमागे जवळजवळ पुरता लपू शकतो. मोटारसायकलस्वाराची तर गोष्टच नको. नकाशा मोठा दिसावा म्हणून फोन आडवा लावणारे पुष्कळ आहेत. त्यांना ही आकृती कोणी तरी काढून दाखवली पाहिजे. वर्गात करून पाहायचे असेल तर डोळ्यांसमोर हात लांब करून कंपासपेटी आधी उभी आणि मग आडवी धरा, आणि मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या मित्रांपैकी किती दिसतात ते मोजा.

तेव्हा फोन काचेच्या मधोमध कधीही नसावा. उजव्या खांबाला लागूनही नसावा; खांब स्वतःच बरेच झाकतो, त्यात फोनची भर पडली की वळणावर उजवीकडून येणारा माणूस दिसत नाही. चाकाच्या डावीकडे, डॅशबोर्डवर, फोनची वरची कड बॉनेटच्या दिसणाऱ्या रेषेच्या खाली राहील असा तो बसवावा. फार खाली नेला तर मान वाकवावी लागते, म्हणून रेषेच्या जेवढा जवळ तेवढा बरा. ज्या गाडीत एअरबॅग आहे, तिच्यात ती ज्या झाकणातून बाहेर येते त्याच्यावर किंवा समोर होल्डर मुळीच नको. एअरबॅग सेकंदाच्या शंभराव्या तीनचार भागांत फुगते आणि वाटेत येईल ते माणसावर फेकते.

रस्त्यावरून फोनकडे पाहताना डोळ्याच्या भिंगाला दूरचे सोडून जवळचे पाहण्यासाठी आपली वक्रता बदलावी लागते. तुम्हा मुलांना ते जाणवतही नाही. चाळिशीचा चष्मा लागलेल्या माझ्यासारख्याला मात्र अक्षरे लागेपर्यंत थांबावे लागते आणि तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते. लांबच्या पल्ल्याचे ड्रायव्हर पुष्कळदा याच वयाचे असतात. त्यांनी पत्ता गाडी उभी असताना घालावा आणि पुढे आवाज ऐकत जावे. कायदाही तेवढेच मान्य करतो. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार गाडी चालवताना फोनचा उपयोग फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि तोही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने करावयाचा आहे. हातात फोन घेऊन गाडी चालवणे हे २०१९ च्या दुरुस्तीपासून धोकादायक वाहनचालन समजले जाते. २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली.

करून पाहा

(१) स्वयंपाकघरातील रबरी वाटीचा हूक स्वच्छ आरशावर बसवा आणि त्याला अर्धा किलोग्रॅम वजन टांगा. तो किती तास टिकतो ते नोंदवा. नंतर काचेवर खडूची भुकटी चिमूटभर टाकून तोच प्रयोग करा. वजन तेच, हवा तीच. फरक कशाने पडला?

(२) घरच्या किंवा ओळखीच्या गाडीतील होल्डरचा झुकाव मोजून त्याची वारंवारता काढा. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा असेल तर उभ्या गाडीचे फेरे वाचून सेकंदाला ठोके किती ते काढा. दोन आकडे जवळ आले, तर फोन थरथरतो का ते पाहा.

(३) वळहून माल भरून निघालेला टेम्पो खड्ड्यांतून संथ जातो आणि तोच रिकामा परतताना दणादण आदळतो. होल्डर पडायचा तो बहुधा परतीच्या वाटेवर. टेम्पोचे कमानपाटे भरलेल्या गाडीखाली १२ सेंटीमीटर आणि रिकाम्या गाडीखाली ३ सेंटीमीटर दबतात असे समजून, वर दिलेल्या युक्तीने दोन्ही वेळच्या वारंवारता काढा. (उत्तर : सुमारे १.४ आणि २.९ हर्ट्झ.)